शीळ येणारी कवळी

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, कवळ्या करतात. दंतवैद्य नव्हेत ते. दंतवैद्य पुढच्या खोलीत असतात. तिथं मोठी खुर्ची, झगझगीत दिवा आणि भिंतीवर हसऱ्या माणसांची चित्रं. भाऊजी मागच्या खोलीत. मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी आहे. तिच्यातून पेशंटच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा आत येतो, सोबत चिठ्ठी येते आणि आठवडाभरानं त्याच खिडकीतून नवी कोरी बत्तिशी बाहेर जाते. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. हजारो लोक भाऊजींच्या दातांनी जेवत होते, आणि त्यातला एकही चेहरा भाऊजींनी पाहिलेला नव्हता.

त्यांना त्याचं काही वाटायचंही नाही. "दात बरे. उलट बोलत नाहीत," म्हणायचे. ताई संध्याकाळी विचारायची, "आज काय विशेष?" त्यावर उत्तर, "दोन वरच्या, एक खालची." की झाला दिवस. दुःखी होते म्हणावं तर तसंही नव्हतं. वेळेवर जेवण, वेळेवर झोप, कामात कधी कसूर नाही. ताई म्हणायची, "तक्रार करायला जागाच ठेवत नाही हा माणूस. आणि कौतुक करायलाही नाही."

मग एक कवळी परत आली.

तसं अधूनमधून व्हायचं. टोचते, हलते, हिरडीला घासते. थोडं घासून द्यायचं की काम भागायचं. पण ही तिसऱ्यांदा आली होती आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'हवा नीट जात नाही.'

भाऊजींनी खिडकीत डोकं घातलं. "डॉक्टर, ही कवळी आहे की सायकलची ट्यूब? टोचतेय का?"

"नाही."

"हलतेय?"

"घट्ट आहे. बाई धड सांगतच नाहीत हो, लाजतात. तुम्हीच या आणि विचारा."

असं कुणी आजवर म्हटलंच नव्हतं. भाऊजी प्लास्टरचे पांढरे हात तसेच घेऊन पुढं गेले. खुर्चीत सत्तरीच्या एक बारीकशा बाई बसल्या होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, मग भाऊजींकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "चावता येतं. बोलता येतं. फक्त शीळ घालता येत नाही."

डॉक्टर खोकले. भाऊजी मात्र शेजारच्या स्टुलावर बसले. "कशासाठी हवी शीळ?"

"आमच्या ह्यांची नजर गेली, आठ वर्षं झाली. मी कुठं आहे ते ह्यांना माझ्या शिळेवरनं कळतं. स्वयंपाकघरात असले की एक चाल, गॅलरीत असले की दुसरी. बाजारात हाक मारून उपयोग नाही, हाका सगळेच मारतात. शीळ घालणारी मी एकटी. दात काढल्याला चार महिने झाले. तेव्हापासून हे दर पाच मिनिटांनी विचारतात, 'आहेस ना?' मी 'हो' म्हणते. पण त्यांचं समाधान होत नाही, आणि माझंही नाही."

भाऊजी मला नंतर म्हणाले, "दात कशाला हवेत, हे सव्वीस वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं गं."

त्यांनी बाईंकडून तरुणपणीचा एक फोटो मागून घेतला. भिंगाखाली धरला. पुढच्या दोन दातांत केसभर फट होती. भाऊजींनी आपले नेहमीसारखे सरळ, चिकटून बसणारे दात लावले होते, दिसायला झकास. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. जीभ कुठं टेकते, ओठ कशावर ताणले जातात, हे कळायला हवं होतं. आणि खुद्द भाऊजींना शीळ येत नव्हती.

दोन दिवसांनी ताईचा मला फोन. "तुझे भाऊजी सकाळपासून न्हाणीघरात शिट्ट्या मारायला बघतायत. वय वर्षं पंचावन्न. काय करू?"

"कुणासाठी मारतायत ते विचार आधी."

"विचारलं. कवळीसाठी, म्हणाले."

पुढचे दहा दिवस भाऊजींच्या अंगात नुसतं वारं भरलं होतं. जेवताना मध्येच थांबून जिभेनं टाळू चाचपायचे. रस्त्यानं ओठांचा चंबू करून चालायचे. फट ठेवली, दात जरासे मागं घेतले, त्यांच्यामागचा टाळूचा भाग कागदासारखा पातळ केला. कवळी पक्की करण्याआधी ती मेणात बसवून तोंडात लावून बघतात, तशी बाईंना लावून बघितली. पहिल्यांदा नुसतं फुस्स झालं. दुसऱ्यांदा किटली उकळावी तसा आवाज आला. दोघंही हिरमुसले नाहीत. उलट बाईच म्हणाल्या, "डावीकडनं हवा निसटतेय, तिथं बघा." टेलिफोनवर आयुष्य काढलेल्या बाई त्या, आवाजातली खोट अचूक पकडायच्या.

पक्की कवळी द्यायच्या दिवशी भाऊजींनी आम्हा दोघी बहिणींना बोलावून घेतलं. आक्रीतच होतं ते. बाहेर बाकावर पेशंट ओळीनं बसलेले, त्यांत काळा चष्मा घातलेले, काठी गुडघ्यांत धरलेले बाईंचे यजमानही होते. आम्ही दाराशी उभ्या राहिलो.

बाईंनी कवळी बसवली, ओठ ओले केले आणि डोळे मिटले. मग शीळ आली. साधी, चार-पाच सुरांची, पण अशी स्वच्छ की दिवा पुसणारी नर्स फडकं हातात धरून थांबली.

बाकावरचे आजोबा उठले. काठी बाकापाशीच राहिली. लोकांनी भराभर पाय आत घेतले, आणि आजोबा भिंतीला हात न लावता सरळ चालत दारापर्यंत आले. म्हणाले, "अगं, दवाखान्यात आलोय ना आपण? मग स्वयंपाकघरातली काय वाजवतेस?"

बाईंना हसू आवरेना, आणि हसताना शीळ घालता येईना. भाऊजी लहान मुलासारखे "अजून एकदा, अजून एकदा" म्हणत होते आणि प्लास्टरच्या हातांनी डोळे पुसून कपाळभर पांढरे झाले होते. ताईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

त्यानंतर भाऊजी खिडकीआड राहीनात. येईल त्या माणसासमोर स्टूल ओढून बसतात. डॉक्टर कुरकुरले, काम रेंगाळतं म्हणाले. पण परत येणाऱ्या कवळ्या कमी झाल्या तसे गप्प बसले. कुणाला पणतीला गोष्ट सांगताना 'स' नीट म्हणायचा असतो. एक गवंडी म्हणाला, "एवढे पांढरे नकोत, बायको संशय घेईल." भाऊजींनी त्याला दोन दात मुद्दाम मळकट करून दिले.

परवा चहा पिताना मी विचारलं, "भाऊजी, आधीची सव्वीस वर्षं फुकट गेली असं वाटतं का?"

त्यांनी जरा विचार केला. "फुकट कशी? त्या कवळ्याही चांगल्याच होत्या. पण तेव्हा दिवस संपला की सुटल्यासारखं वाटायचं. आता संपू नये असं वाटतं. सुख म्हणतात ते हेच की काय, ठाऊक नाही. मला आपलं सकाळी लवकर जाग येते." एवढं बोलले आणि एकदम ताठ बसले. "अगं, उद्या बँडमधला क्लॅरिनेटवाला येणार आहे. ते वाद्य वरच्या दातांवर टेकतं, तुला ठाऊक आहे? असं." आणि चमचा दातांना लावून ते दाखवू लागले, ताई चहा गार होतोय म्हणत असताना.