उपाशी निळं पाणी

फ्रिजमधली हिरवट पाण्याची बाटली मी बेसिनमध्ये ओतली, घासून-पुसून उपडी ठेवली आणि शाबासकीची वाट बघत बसलो. आत्याने रिकामी बाटली उचलून उजेडात धरली.

"अरे शहाण्या, समुद्राचा नमुना होता तो!"

आत्या मासळीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. समुद्राचं पाणी मायक्रोस्कोपखाली धरायचं आणि त्यातले नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव मोजायचे. प्लवक म्हणतात त्यांना. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "एवढा मोठा संसार मोजतेय, अजून किती हवा?" प्रयोगशाळेचा फ्रिज बिघडला म्हणून नमुना घरी आला होता, आणि घरी मी होतो.

नवा नमुना आणायला ती दुसऱ्या दिवशी बाबांच्या मासेमारीच्या बोटीवर चढली. शिक्षा म्हणून बादल्या उचलायला मी.

बाबा खुशीत होते. "ताई, घर विकून मोठी बोट घेतोय. थेट लांबच्या निळ्याशार पाण्यात जायचं. इथल्या गढुळात आता काय उरलंय? तुझी सही तेवढी हवी." घर दोघांच्या नावावर होतं.

आत्याने बारीक विणीची जाळी पाण्यातून ओढून काढली आणि तळाशी जमलेला हिरवा साका बोटावर घेऊन बाबांच्या नाकासमोर धरला.

"हे समुद्राचं गवत. हे गवत त्याहून जरा मोठे जीव खातात, त्यांना छोटे मासे, छोट्यांना तुझे मोठे. दर पायरीला दहा भाग खावेत तेव्हा जेमतेम एक अंगी लागतो. गवत जेवढं, तेवढीच मासळी. जाळं वाढवलंस म्हणून गवत वाढत नाही. आणि निळं पाणी म्हणजे उपाशी पाणी. गवत नाही म्हणून तर ते निळं दिसतं. मासा आहे तिथे, पण विरळ."

"तू पाणी भिंगातून बघितलंस, ताई. मी त्याच्यावर जगलोय."

"पुढेही जगावंस म्हणूनच सही करत नाही."

परतताना बाबा बोलले नाहीत. नंतरही नाहीत. आत्या वरच्या मजल्यावर गेली, एका घरात दोन चुली झाल्या, आणि जिन्यावर निरोप्या म्हणून माझी नेमणूक झाली. बिनपगारी.

मोठी बोट घेतली ती शेजाऱ्याने. निळ्या पाण्यात लांबवर गेला, डिझेल जाळून आला; मासळीसाठी नेलेला बर्फ नुसताच वितळला. असे बरेच फेरे झाले. शेवटी त्याचं घर गेलं, आणि बोट धक्क्याला गंजत पडली. बाबा रोज तिच्याजवळून जातात, मान दुसरीकडे वळवून.

आत्या आता निवृत्त झाली आहे. भिंगावर वाकून वाकून पाठीला पोक आलंय. बरी मासळी लागली की बाबा डबा भरून माझ्या हातात देतात. "वर दे. मी दिला म्हणू नकोस." जसा काही जाळं टाकायला मीच जातो.

काल आत्याने डबा घेतला आणि म्हणाली, "बापाला सांग, हा परत पाठवणार नाही. न्यायला स्वतः ये म्हणावं."

मी खाली येऊन निरोप दिला. बाबा जाळ्याची गाठ सोडवत होते.

"असू दे," म्हणाले. "घरात दुसरा डबा आहे."