गल्लीतला जकातनाका

नशिराबादला आमच्या गल्लीत माझ्या बायकोला जकातनाका म्हणायचे. तोंडावर नाही, मागून. तपासल्याशिवाय ती कोणाला घरात सोडत नव्हती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जळगावच्या बाजारात हमाली करताना मी पोत्यासकट ट्रकवरून पडलो आणि कमरेखालचं अंग गेलं. डॉक्टर तिला म्हणाले, "रोज पाय हलवून घेतले तर परत येतील. माणूस मनानं खचला तर माझ्या हातात काही नाही." एवढं ऐकलं आणि ही बाई उंबऱ्यावर बसली.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येतात ते त्याच आजारानं कोण कोण मेलं ते सांगायला. शेजारची अक्का आली आणि दारातच गळा काढला. "आठे रडानं नही, अक्का," ही म्हणाली. "कोणाची म्हैस व्याली, कोणाचं लग्न ठरलं, तसलं काही असेल तर आत जा." अक्काकडे तसलं काही नव्हतं. मग हिनं तिच्यापुढं भुईमुगाच्या शेंगांचं सूप सरकवलं. "फोडत बसा. हात गुंतले की जीभ आवरते." बायका चिडायच्या, पण शेंगा फोडायच्या.

मला तरी कुठं सोडत होती? "मी काही आता उठत नाही," म्हटलं की ताट खाली ठेवून बाहेर जायची. "हे भिंतीला सांगा. तिला कान नाहीत."

पण खरी अडचण परक्यांची नव्हती. माझे थोरले भाऊ, नाना, पाचोऱ्याहून आले. त्यांना कोण अडवणार? खाटेवर बसले, माझा हात धरून रडले. "आमच्याकडचा एक असाच पडला होता रे. पाठीला जखमा झाल्या, किडे पडले. मनाची तयारी ठेव." माया होती हो त्यांची, खोटं नाही बोलणार. पण ते गेले आणि मी चार दिवस पाय हलवू दिला नाही. जेवण बंद केलं. हिची चिडचिड झाली, मग गप्प झाली. गप्प झाली तेव्हा मला भीती वाटली.

पंधरा दिवसांनी नाना परत आले. जेठापुढं जिनं कधी मान वर केली नव्हती, ती पदर डोक्यावर घेऊन दारात आडवी उभी राहिली. मला आत सगळं ऐकू येत होतं.

"नाना, ओट्यावर बसा. चहा तिथंच आणते."

"सरक. सख्खा भाऊ आहे मी त्याचा."

"म्हणूनच म्हणते. परक्याचं बोलणं यांच्या कानात राहतं, तुमचं काळजात उतरतं."

"बाई असून मला दार बंद करतेस?"

"हे उठले की पायावर डोकं ठेवीन. आज नाही."

नाना पाणीसुद्धा न पिता गेले. मी पडल्या पडल्या तिला नाही नाही ते बोललो. ती आली, माझा पाय उचलून गुडघ्यात दुमडला. "द्या शिव्या. पण पाय हलवत द्या."

दिल्या शिव्या. दोन महिने दिल्या. पोळ्याच्या सुमारास भिंत धरून उभा राहिलो, पुढं काठी घेऊन चालायला लागलो, नंतर तीही सुटली.

आम्ही दोघं पाचोऱ्याला गेलो. हिनं नानांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी पाय आखडून घेतले. तीन वर्षांनी वारले, तोवर हिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

परवाच्या साली ही गेली. जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं बघून म्हणाली, "नानांना परत धाडलं. चुकले का हो मी?"

जन्मभर तोंडाला येईल ते बोललो. त्या दिवशी तोंड उघडेना. तिनं थोडी वाट पाहिली आणि कूस वळवली.

आता रोज सांगतो. अगं, नानांची तिरडी उचलली तेव्हा पुढचा खांदा माझा होता. पाचोऱ्याच्या स्मशानापर्यंत मी माझ्या पायांनी चालत गेलो.