उलटतपास नाही

मथुरा शिवलकर रत्नागिरीच्या कोर्टात सव्वीस वर्षं वकिली करत होती. तिच्याकडे यायची ती वारस दाखल्यांची, वाटपाची, पोटगीची कामं. खुनाचा खटला तिने कधी मागितला नव्हता. पण गरीब आरोपींना सरकारतर्फे वकील देतात त्या यादीत तिचं नाव होतं. तीन वकिलांनी 'तब्येत बरी नाही' असं लिहून परत केलेली मनबहादूरची फाईल शेवटी तिच्या टेबलावर आली.

मनबहादूर नेपाळातला. पावसच्या वाटेवर एका आंब्याच्या बागेत राखणीला होता, बायको धनमायाबरोबर खोपीत राहायचा. एका सकाळी बागमालकाचा मुलगा ऋत्विक त्याच बागेत कोयतीचे वार होऊन मेलेला सापडला. ऋत्विक कबड्डीतला नावाजलेला गडी, बावीस वर्षांचा. त्या दिवशी बाजारपेठ आपणहून बंद राहिली. संध्याकाळी मनबहादूरला पकडलं. वकिलांनी कागदावर काही आणलं नाही, चहा पितापिता ठरवून टाकलं: त्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही.

"मथुराताई, तुम्हीपण परत पाठवा," ज्येष्ठ वकील हर्षद रेडीज म्हणाले. कोर्टात त्यांचा शब्द चालायचा. "उगाच वाईटपणा कशाला?"

"आणि मग त्याच्या बाजूने उभं कोण राहील?"

"त्या पोराच्या बाजूने कोण उभं होतं?"

घरी नवऱ्यानेही तेच काढलं. महिपत एसटीत कंडक्टर होता, दिवसभर लोकांचं ऐकून यायचा. "तू नाय तर दुसरा कोणतरी घेईल."

"दुसरा कोण घेत नाय, म्हणून तर."

त्या आठवड्यात महिपत तिच्याशी फक्त जेवणापुरतं बोलला.

मथुरा तुरुंगात गेली ती एका हॉटेलातल्या नेपाळी आचाऱ्याला दुभाषा म्हणून घेऊन. मनबहादूरला मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. कुणी काही विचारलं की मान हलवून "हजूर" म्हणायचा. आणि पंचनाम्यात त्याच्या तोंडी वाक्य होतं: 'सदर कोयती मी काजूच्या झाडाखाली दडवून ठेवली असून ती मी स्वखुशीने काढून देतो.' खाली अंगठा.

आचाऱ्याने त्याला विचारलं आणि मथुराला सांगितलं, "वो बोलता है, साहबने उंगली दिखाया, उधर से उठाओ बोला, तो उठाया."

मथुराने पहिल्याच तारखेला दुभाषा मागितला. अर्ज तीनदा पुढे ढकलला गेला. तोवर तिचे चार पक्षकार फायली घेऊन गेले. एक बाई तर कागद नेताना रडली, "सासरे म्हणतात, खुन्याच्या वकिलिणीकडे नको." तिच्या नावाच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं. तिने ते रॉकेलने पुसलं, तक्रार केली नाही. कुणाकडे करणार?

धनमायाला मात्र आपल्यावाचून कुणी नाही, असं मथुराला वाटत होतं. तिथेच ती चुकली. बागेतल्या लोकांनी धनमायाला समजावलं, ही बाई सगळ्या गावाला चिडवते, हिच्यामुळे तुझा नवरा फासावर जाईल; रेडीज वकील मोठे, ते कमी शिक्षेत सोडवतील, तेही फुकट. धनमायाने नवऱ्याला तसं सांगितलं. पुढच्या तारखेला वकील बदलल्याचा अर्ज आला.

मथुरा उभी राहिली. "साहेब, ऋत्विकच्या चुलत्यांचे जमिनीचे दावे रेडीजच चालवतात. माझी लेखी हरकत आहे."

न्यायाधीशांनी आरोपीकडे पाहिलं. "वकील बदलायचाय?"

"हजूर."

"आपल्या पसंतीचा वकील हा आरोपीचा हक्क आहे, मॅडम," न्यायाधीश म्हणाले. या हक्कासाठी ती वर्षभर भांडली होती. तिने फाईल रेडीजच्या हातात दिली. पंचनाम्यावरच्या पंचाला विचारायचे प्रश्न वरच टाचले होते, पहिला लाल शाईत: आरोपी कोणत्या भाषेत बोलला?

पंच भागोजी साक्षीला आला त्या दिवशी ती मागच्या बाकावर जाऊन बसली. भागोजीला घाम सुटला होता. सरकारी वकिलांचं संपलं. रेडीज अर्धवट उठले, म्हणाले, "उलटतपास नाही," आणि बसले. भागोजीने रुमालाने मान पुसली.

जन्मठेप झाली. निकालपत्रात ओळ होती: 'सदर पंचाचा पुरावा बचाव पक्षाने आव्हानित केलेला नाही.'

धनमाया तिच्या दारात आली तेव्हा मथुराला तिला हाकलून द्यावंसं वाटलं. तिने तिला घरात घेतलं, पण पाणी विचारलं नाही. मग रागातच बसून अपिलाचे मुद्दे लिहिले आणि मुंबईच्या ओळखीच्या वकिलाकडे पाठवले. तो फोनवर म्हणाला, "मुद्दा चांगलाय ताई. पण खाली विचारलंच नाही, ते वर कसं विचारायचं?"

अपील दाखल झालं. त्याला आता तिसरं वर्ष. मध्यंतरी कागदांवर अंगठे घ्यायला मथुरा, त्याला हलवलं होतं त्या कोल्हापूरच्या तुरुंगात गेली, या वेळी दुभाष्याशिवाय, कारण आचारी गावी परतला होता. हाताने खाणाखुणा करायला लागली, तर मनबहादूर हसला.

"मॅडम, मराठी बोला. आता सगळं समजतं मला," तो म्हणाला, स्वच्छ, घाटावरच्या हेलात. "तारीख कधी आहे?"

तारीख लागलेली नव्हती. तिने तसंच सांगितलं.