राघवेंद्र सरांचं बरोबर उत्तर

भूकंपानंतर लातूरचं बिऱ्हाड हलवून राघवेंद्र सर नांदेडला आले आणि चार-पाच वर्षांत त्यांच्या जीवशास्त्राच्या क्लासला पाय ठेवायला जागा उरली नाही. चेतापेशी शिकवावी ती त्यांनीच. पेशीच्या आत-बाहेर विजेचा जरासा फरक असतो. चेतना मिळाली की पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, फरक उलटतो आणि तीच उलथापालथ शेजारच्या दाराशी, मग त्याच्या पुढच्या. तंतूवर मायलिनचं वेष्टन असलं की संदेश उड्या मारत पळतो. हे सांगताना सर फळ्यासमोर खरोखर उड्या मारत. पोरं खूश.

तासानंतर शंकांची रांग लागे, साठ-सत्तर जणांची. सरांचा दंडक होता: पाल्हाळ नको, 'मला-माझं' नको, प्रश्न एका वाक्यात.

एका सोमवारी दस्तगीर टेलरची अर्शिया भिंत धरत पुढे आली.

"सर, एखादीच्या पायाला मुंग्या आल्या, चार दिवसांत गुडघ्यातला जोर गेला, तर काय बिघडलं असंल?"

सरांनी मान वर केली नाही. "मायलिन झडलं. संदेश वाटेतच मंदावतो, स्नायूपर्यंत पोचत नाही. पुढचा."

तिनं ते वहीत उतरवून घेतलं आणि कठडा धरून जिना उतरली.

गुरुवारी ती दवाखान्यात होती, श्वासाच्या मशीनवर. जीव वाचला, पावलं मात्र लुळी राहिली. सर भेटायला गेले तेव्हा दस्तगीरभाई बाहेर बाकावर बसले होते.

"लेकरू म्हणलं होतं, सरांना विचारलंय, काळजीचं असतं तर ते बोलले असते. म्हणून आम्ही बी दोन दिवस थांबलो."

त्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते सरांच्या जिव्हारी लागलं. अख्खं मज्जासंस्थेचं प्रकरण तोंडपाठ असलेल्या माणसाला समोरच्या पोरीचा भिंतीवरचा हात दिसू नये? ती विद्वत्ता काय चाटायची होती? घरी जाऊन ते जेवले नाहीत. पुढे शिकवत राहिले, पण उड्या थांबल्या. रांगेतल्या प्रत्येकाकडे आता ते आधी नीट बघत आणि विचारत, "हे पुस्तकातलं, की तुझं?"

दीड वर्षानं अर्शिया कुबड्या घेऊन नोट्स मागायला आली. सर उठून उभे राहिले. माफी मागायची होती, त्यांनी नुसती खुर्ची पुढे केली. तीच बोलली, त्यांना बरं वाटावं म्हणून.

"सर, त्या वर्षी परीक्षेत तोच प्रश्न आला होता म्हणं. मैत्रिणींनी सांगितलं, तुमचं उत्तर बरोबर निघालं."