अंगठ्याचा अंदाज

मला किळस पटकन येते. दौलताबादच्या घाटाखाली आमची सीताफळांची बाग होती. फळाच्या डोळ्यांमधल्या फटीत पांढरा, पिठात घोळल्यासारखा किडा बसतो, तो दिसला की माझा त्या वेळचा घास तोंडातच फिरायचा. तरी हंगामात रस्त्याकडेला ढीग लावून बसायचं काम माझ्याकडंच, कारण माझा अंगठा. फळाला अंगठा नुसता टेकवायचा. कडक लागलं तर कच्चं आहे, घरी नेऊन ठेवा. जरासं दबलं तर आजच खा. अंगठा आत गेला तर म्हशीपुढं टाका. वेरूळला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या, आणि एका वेणीची रिबीन सुटलेली, नाक वाहणारी ती पोरगी गाडीतल्या सायबाला सुनवायची, "काका, तुम्ही दाबू नका. तुम्हाला नाय जमणार."

त्या पोरीची आता आजी झाली, गुडघे गेले, दात गेले. अंगठ्याची घमेंड मात्र गेली नाही.

म्हणून अंघोळीला साबण लावताना उजव्या छातीत, काखेच्या बाजूला, चिंचोक्याएवढं काहीतरी लागलं तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं, तर अंगठा टेकवला. कडक होतं. दगडासारखं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, कच्चं आहे, नासलेलं नाही. मऊ पडायला लागलं की बघू.

मग रोज बघत राहिले. साबण, पाणी, अंगठा. बोटाला ते लागलं की अंगावर शिसारी यायची, पण कडकच लागायचं, म्हणून मी खूश. आधी ते अंगठ्याखालून निसटायचं, पुढं निसटेनासं झालं. मी म्हटलं, बरं झालं, एका जागी बसलं. त्याच्यावरची कातडी आत ओढल्यासारखी झाली, गादीला टाका घातल्यावर खड्डा पडतो तशी. तिकडं मी बघायचंच सोडून दिलं. स्वतःच्याच अंगाची घाण वाटते म्हणजे काय, ते मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

पकडलं आपानं. आपा म्हणजे माझी शेजारीण. आमच्या भिंतीला भिंत आहे आणि माझे ब्लाऊज लग्नापासून तीच शिवते. नातेवाइकांकडच्या लग्नासाठी माप घ्यायला टेप घेऊन आली. मला हात वर करायला लावले आणि टेप तशीच धरून थांबली.

"ताई, ये एक बाजू ऊपर कायकू खिंच री?"

"वय झालं, आपा. लटकायचं ते लटकतं, ओढायचं ते ओढतं."

"मजाक नक्को. कबसे है?"

मी सांगितलं. काळजी नको, कच्चं आहे, रोज दाबून बघते, हेही सांगितलं. आपानं टेप गळ्यात टाकली आणि माझ्याकडं असं बघितलं की मला ती रिबीन सुटलेली पोरगी आठवली.

"सीताफल है क्या वो? चलो, चप्पल पहनो."

डॉक्टरीणबाई माझ्या सुनेपेक्षाही लहान. तिनंही बोटांनी दाबूनच बघितलं, त्यामुळं मला जरा बरं वाटलं. मग म्हणाली, "आजी, कमरेवर हात ठेवा आणि जोर लावा." मी भांडायला उभी राहावी तशी उभी राहिले. गाठ छातीच्या स्नायूला चिकटली आहे का, ते तिला बघायचं होतं. नव्हती चिकटली. पण कातडीला आतून धरून ओढत होती. मग सुईवाल्या यंत्राचा खटका वाजला आणि माझ्यातला शेवईएवढा तुकडा बाटलीत तरंगायला लागला. तिनं तो मला दाखवला. दाखवायला नको होता. घरी गेल्यावर सुनेनं पुढ्यात शेवयांची खीर ठेवली आणि मी उठून मोरीकडं गेले.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, आणि गाठीनं दुधाच्या नळीची भिंत फोडली होती. आता प्रश्न एकच होता, भिंतीतून निघालेलं काखेत सगळ्यांनाच असतात त्या बारीक गाठींपर्यंत पोचलं की नाही. ते ऑपरेशन झाल्याशिवाय कळणार नव्हतं.

माझी नात पुण्याला याच गोष्टीवर संशोधन करते. ती आली, माझ्या पलंगावर पाय पसरून बसली आणि मी विचारलं तेव्हा न लपवता सांगितलं. चांगलं मांस लोण्यासारखं सैल असतं. गाठ वाढते तशी तिच्याभोवतीचे तंतू जाड होतात, एकमेकांना बांधले जातात, ताणले जातात, म्हणून ती दगडासारखी लागते. आतमध्ये पेशी इतक्या खेटलेल्या असतात की कुणाला हलता येत नाही.

"मग बाहेर कशा पडतात?"

"काठावरच्या काही जणी शेजारणीचा हात सोडतात. समोरचा तंतू धरून स्वतःला ओढतात. ओढून ओढून तंतू सरळ होतात, आज्जी, आपाच्या मशिनवरच्या दोऱ्यासारखे ताठ. मग तीच त्यांची वाट. मधली भिंत कुरतडायची आणि भोकातून जायचं. भोक लहान असलं तर दबून, लांबट होऊन."

तिनं मोबाईलवर चित्रफीत दाखवली. तिच्या प्रयोगशाळेतली, माझी नव्हे. एक पांढुरका गोळा, आणि त्याच्या कडेनं बाहेर सरकणारे लिबलिबीत ठिपके. एक ठिपका फटीत अडकला, चपटा झाला, आतली गुठळी आधी पिळून पलीकडं गेली आणि मागून उरलेलं अंग ओघळलं. मला फळाच्या फटीतला किडा आठवला. मी म्हटलं, "बंद कर ते. हे माझ्यात चाललंय आणि मी वर साबण लावत बसले होते."

तिनं बंद केलं. मी विचारलं, "अंगठ्याला कळलं कसं नाही गं? कडक म्हणजे कच्चं."

"गाठ कडक असते. पण पळून जाणाऱ्या पेशी बहुतेक वेळा मऊ असतात. आम्ही बारीक टोकाच्या यंत्रानं एकेक दाबून मोजतो."

"म्हणजे मऊ तेच नासकं."

"तसंच काहीसं."

"मग मी बरोबरच होते. अंगठा तेवढा मोठा पडला."

ती हसली आणि हसता हसता रडली. मी रडले नाही. मी तिचा मोबाईल पालथा करून ठेवला.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर छातीला पट्टे आणि काखेतून निघालेली नळी. नळीच्या डब्यात पातळ लालसर पाणी जमायचं आणि ते मापायचं काम आपा करायची. मी तोंड फिरवायची. चिकट, कोमट, माझंच. "मेरी सास का तो इससे बुरा था," आपा म्हणायची, आणि डबा उजेडात धरून बघायची. खरं असेल, खोटं असेल.

काखेचा रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघी गेलो. डॉक्टरीणबाईंनी वाचला, पुन्हा वाचला. काखेतल्या काढलेल्या गाठी साफ होत्या. पेशी भिंत फोडून निघाल्या होत्या, पण तिथपर्यंत पोचलेल्या दिसल्या नाहीत. औषधं चालू ठेवायची आणि तपासणीला येत राहायचं. मी विचारलं, "एवढे दिवस मी दाबलं त्यानं काही बिघडलं का?" ती म्हणाली, "दाबल्यानं नाही. वाट बघितल्यानं बिघडलं असतं."

येताना आपानं रिक्षा थांबवून सीताफळं घेतली. सवयीनं एक माझ्यापुढं धरलं. हिरव्या डोळ्यांमधल्या फटी दिसल्या. मी हात मागं घेतला.

"तू दाब."

"मेरेकू कहाँ आता, ताई."

"मग त्या फळवाल्याला विचार. आणि आपा, घरी गेल्यावर दार लावून घे आणि स्वतःचं नीट चाचपून बघ. कडक असो, मऊ असो, काहीही लागलं तर कच्चं म्हणू नको. चप्पल घाल आणि मला हाक मार."

आपानं फळ पिशवीत टाकलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याला म्हटलं, "तुम्ही पुढं बघा."