वीस पावलांचा एकांत

वकिली नवी होती, तेव्हा मला कायद्याचं भारी कौतुक. ठाण्याच्या खाडीवरचा एक ख्रिस्ती मासेमार मिठागरातून मीठ चोरल्याच्या आरोपावरून कोठडीत होता. पहाऱ्यावरच्या शिपायासमोर तो तोंडच उघडेना. सहा महिन्यांची कैद समोर दिसत होती आणि घरी होडी हाकायला दुसरं कुणी नव्हतं.

अशिलाशी एकांतात बोलू द्या, म्हणून मी अर्जावर अर्ज केले. फौजदार माझं तोंड बघायलाही कंटाळला. अखेर हुकूम झाला: शिपायाने वीस पावलं दूर उभं राहावं, कैदी दिसावा पण ऐकू येऊ नये. पावलं मी स्वतः मोजली, चांगली लांब टाकून.

पण माझा अशील म्हणजे उभा जन्म एका होडीतून दुसऱ्या होडीला हाका मारण्यात गेलेला माणूस. हळू बोलणं त्याच्या गावीही नव्हतं.

"त्या शुक्रवारी मी मिठागरावं नव्हतूच, वकील! मेव्हण्याकडं कोंबडी खात होतू! ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिस! पादरींना कललं तं मेलू!"

पिंपळावरचे कावळे उडाले. मी कपाळाला हात लावला. शिपाई त्याच्याच गावचा, त्याच पाद्रींच्या देवळात जाणारा.

संध्याकाळी शिपाई माझ्या दारात हजर. "मी काय ऐकलं नाय, साहेब. हुकूमच तसा. पन त्या कोंबडीची दुसरी तंगडी माझ्या पानात होती. माझं नाव यील म्हनून तो माझ्यासमोर गप, नि पादरींच्या भीतीनं आठ दिस मी पन गपच."

खटल्याला पाद्री पहिल्याच बाकावर. मॅजिस्ट्रेटने साक्षीला उभ्या राहिलेल्या शिपायाला विचारलं, "दोघं जेवत होता म्हणतोस. काय जेवत होता?"

उपासाला चालणारे मासे म्हणाला असता तर कोण बघायला गेलं होतं? त्याने पाद्रींकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोंबडी."

आपल्या पाद्रीसमोर कुणी खोटी कोंबडी खात नाही, हे मॅजिस्ट्रेटलाही पटलं. अशील सुटला. मी शिपायाला मनोमन हात जोडले; एवढी छाती मला झाली नसती.

व्हरांड्यात पाद्रींनी अशिलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, "रविवारी पापाच्या कबुलीला ये. एकटाच ये."

त्याने सगळ्या आवारात ऐकू जाईल अशी मला हाक मारली, "वकील, धावा! मना एकट्याला बोलावत्यान! तुमी वीस पावलांवं तरी उभं ऱ्हा!"