आठ गाणी आणि एक ईहीन

माझं तोंड फाटकं आहे, हे मी आधीच सांगून टाकते. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावापासून चार गावं पुढं जा आणि विचारा, लग्नात ईहिनीला गाणी कोण म्हणतं? लोक माझ्याच घराकडं बोट दाखवतील. ईहीन म्हणजे विहीण. नवरदेवाची आई पंगतीला बसली की नवरीकडच्या बायांनी तिला गाण्यातून टोचायचं. तिचं वरण, तिची ऐट, तिचा नवरा, काही म्हणून सोडायचं नाही. मग तिकडच्या बायांनी तिथल्या तिथं गाण्यातच उत्तर बांधायचं. ज्यांना उत्तर सुचलं नाही ते हरले. राग धरायचा नाही असा रिवाज आहे, तरी काही जणी धरतातच. मी आजवर कुठल्याच मांडवात हरले नव्हते आणि मला त्याचा माज होता. होता तर होता!

या गाण्यांचा अल्बम काढायचं खूळ माझ्या पोरीचं. ती हिंगोलीला कॉलेजात जायची. एक दिवस आली आणि म्हणाली, "आई, ही गाणी तुझ्यासंगं मरून जातील. रेकॉर्ड करू."

"मला काहून मारून राहिली आत्ताच?" मी म्हटलं. पण आतून उकळ्या फुटत होत्या.

मग मी, माझी जाऊ आणि पोरगी, अशा तिघी हिंगोलीला रेकॉर्डिंगवाल्याकडं गेलो. एवढीशी खोली, भिंतीला गाद्या ठोकलेल्या, वारा म्हणून नाही. तो भला माणूस कानाला डबे लावून बसला, आम्ही पहिली ओळ उचलली आणि त्यानं हात वर केला. "मावशी, बांगड्या वाजून राहिल्या. काढून ठेवा."

माझी जाऊ असली भडकली! "नवरा जित्ता हाय माझा! बांगड्या काढा म्हनतो व्हय रे?" त्या बिचाऱ्याला कळेना आपण काय पाप केलं. शेवटी पोरीनं तोड काढली. आम्हा दोघींच्या मनगटांना टॉवेल गुंडाळले. चुलीवरून पातेलं उतरवायला उभ्या राहिल्यासारख्या आम्ही दोघी हात पुढं धरून गायलो. आठ गाणी झाली. सात माझी आणि शेवटचं पोरीचं. तिचा आवाज माझ्यापेक्षा उंच जातो आणि वर गेला की थरथरत नाही. तिनं ते गाणं म्हटलं तेव्हा रेकॉर्डिंगवाल्यानं कानाचे डबे काढले आणि नुसताच ऐकत बसला.

पोरीनं सगळं नेटवर टाकलं आणि आमच्या आयुष्याला चाकं लागली. खरंच सांगते, महिनाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. सेनगावच्या जीपवाल्यानं गाणी पेनड्राइव्हवर भरून घेतली. एकदा मी त्याच जीपमध्ये बसले, पदर कपाळापर्यंत ओढून. जीप भरेपर्यंत हलत नाही, त्यामुळं मला निवांत परीक्षा देता आली. शेजारच्या म्हातारीनं दोन गाणी ऐकली आणि म्हणाली, "कोन हाय ही भवानी? हिच्या घरी कोन पोरगी देत असंल?" मागून एक जण बोलला, "आवाज बरा हाय, पन शिवीत मीठ कमी हाय." मला इतका राग आला की पदर सारून त्याला तिथंच मीठ दाखवावं वाटलं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक बाई मात्र अगदी कान देऊन ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्यात नवरी जाताना रडत रडत गाती. तुमी जाता जाता ईहिनीला शिव्या देता. तुमचं बरं हाय, मन मोकळं होतं." मी घरी येऊन ते जावेला तीनदा सांगितलं.

कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावरही गाणी लागायची म्हणे. बाहेरच्या मुलखातले ट्रकवाले जेवताना माना हलवायचे. कोणाला शिव्या चालल्यात हे त्यांना काय कळणार, ठेका तेवढा कळायचा. नेटवर लोक मतं लिहायचे आणि पोरगी रोज संध्याकाळी वाचून दाखवायची. एकानं लिहिलं, "हे माझ्या ईहिनीला पाठवलं, तेव्हापासून ती फोन उचलत नाही, आभारी आहे." एक जण म्हणे, बायांनी असं चारचौघात तोंड उघडणं शोभत नाही. त्याच्याखाली दुसऱ्या बाईनं लिहिलं, "मग कान झाका." ती बाई कोण, कुठली, ठाऊक नाही, पण मी तिच्यावरून भाकर ओवाळून टाकली असती.

अशात पोरीला स्थळ आलं. कळमनुरीकडचं. पोरगा नोकरीला, शेती ओलिताची, माणसं साधी. घरात चार गडी, बाईमाणूस एकटी पोराची आईच. आमच्या मालकांना घर पसंत पडलं आणि त्याच दिवशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ती गानी काढून टाका नेटवरून," ते म्हणाले. "त्यातली शिवी आन शिवी ईहिनीला हाय. उद्या ती बाई म्हनंल, मलाच म्हनलं. पोरीला जन्मभर ऐकावं लागंल."

एरवी मी भांडले असते, पण या वेळी नाही. कारण तीच भीती मलाही होती. लग्नातली शिवी मांडवातच राहते, मांडव सुटला की सुटली. ही मात्र नेटवर राहिली होती, आणि तिच्यातलं एक गाणं तर खुद्द होणाऱ्या सुनेच्या तोंडचं होतं. ती बाई रोज सकाळी चूल पेटवताना पोरीला टोमणा मारू शकत होती. ती म्हणू शकली असती, की गाणं बंद, या घरात आवाज नको. आणि माझी पोरगी गप्प बसलेली मला सोसलीच नसती. मी काढून टाक म्हटलं.

पोरगी म्हणाली, "काढायचं न्हाई. त्याहीनी ऐकू दे. ऐकून व्हय म्हनले तरच मी जाते."

तिनं स्वतः गाणी पोराच्या मोबाईलवर पाठवली आणि आईला ऐकवा म्हणून सांगितलं! मी कपाळावर हात मारला. हे धाडस तिच्यात कुठून आलं विचारू नका, सगळे माझ्याकडंच बघतात.

आठ दिवसांनी त्यांचा होकार आला. सुपारी फुटली, साखरपुड्याला ती मंडळी आली. मी बाईला कुंकू लावलं, ओटी भरली. उंच, हडकुळी, कष्टाळू हाताची बाई. बोलणं मोजकं. मला राहवेना. मी हळूच विचारलं, "ईहीनबाई, आमची गानी ऐकली का?"

"ऐकली की," ती म्हणाली. आणि पुढ्यातला चिवडा खाऊ लागली.

ऐकली की! झालं? अगं बाई, चांगली का वाईट? पटली का लागली? साऱ्या तालुक्यानं मत दिलं, ट्रकवाल्यांनी माना हलवल्या, आणि जिच्या मतावर माझ्या लेकराचं सुख टांगलेलं, ती म्हणते ऐकली की! मी जावेला म्हटलं, "ही बाई राग पोटात ठेवनारी हाय." जाऊ म्हणाली, "मुकी असंल." पुढं फोनवर दोनदा विषय काढून पाहिला. एकदा "रोज लावते ना मोबाईलवर" एवढं बोलली, आणि शेतात निंदायला बाया आल्यात म्हणून फोन ठेवला. रोज लावते! आवडलं म्हणून, की राग ताजा राहावा म्हणून? मी तर पार वेडी व्हायची राहिले होते.

लग्नात गाणी म्हणायची नाहीत असं मी ठरवून टाकलं. गावातल्या बायांना तंबी दिली. "माझ्या पोरीचं लगीन हाय, तोंडाला कुलूप लावा." बाया हिरमुसल्या. दुसऱ्यांच्या ईहिनींना सोलून काढणारी ही आपल्या ईहिनीपुढं शेपूट घालते, असं कोणीतरी बोललंच. मी ऐकून घेतलं. त्या दिवसांत मी काय काय ऐकून घेतलं ते माझं मला माहीत!

अक्षता पडल्या. दुपारी ईहिनीची पंगत बसली. पाट मांडला, रांगोळी काढली, मी ईहिनीचे पाय धुतले, पुसले, ताट वाढलं. सगळं गुपचूप. एवढी शांत पंगत आमच्या गावात कधी बसली नसेल. ईहीन ताटाकडं बघत बसून राहिली, हात लावीना. तेवढ्यात साऊंडवाल्याला काय सुचलं देव जाणे! त्याला वाटलं, गाणारणीच्या घरचं लग्न आणि गाणं नाही म्हणजे काय. त्यानं भल्या मनानं आमचा अल्बम लावला, आणि तोही पुऱ्या आवाजात. अख्ख्या मांडवाला माझा आवाज ऐकू येऊ लागला.

ईहीन आली मांडवात, खुर्ची मागते मोठी,
घरी बसाया पोतं, आन हितं ऐट खोटी!

माझ्या हातातलं बुंदीचं ताट तिथंच थांबलं. आमचे मालक साऊंडकडं पळाले. पण त्यांच्या आधी ईहीनच पाटावरून उठली. "बंद करा ते," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण साऊंडवाल्यानं झटक्यात बंद केलं. संपलं, मी मनात म्हटलं. पोरीचं नशीब मी माझ्या तोंडानं जाळलं.

ईहीन माझ्याकडं वळली. "डब्यानं दिलेली शिवी मी घेत न्हाई, ईहीनबाई. मी हितं तुमच्या तोंडून ऐकाया आले. म्हना."

मला वाटलं ही माझी फजिती करतेय. मी म्हटलं, "आमी आज म्हननार न्हाई."

"काहून? सुपारी फुटल्यापासून ऐकून राहिले मी. निंदताना, भाकरी थापताना, रोज. आठच्या आठ गान्याला उत्तर बांधून आनलंय. ते काय वापस घेऊन जाऊ?"

मग माझ्या जावेनं इतक्या जोरात टाळी वाजवली की पंगतीतलं एक पोरगं दचकून रडायला लागलं. अहाहा! माझ्या अंगावर जो काटा आला तो आता लिहितानाही येतोय. मी पदर खोचला आणि पोत्याचं गाणं तोंडानं म्हटलं. ईहिनीनं घसा खाकरला. आवाज जाडाभरडा, न वापरलेला, पण ठेका पक्का.

पोतं हाय सोयाबीनचं, त्याला खुर्ची कोन पुसं,
तुझ्या दारी सोफा बाई, वर कुत्रं येऊन बसं!

मांडव उसळला! आणि ते खरं होतं हो, साखरपुड्याला कुत्रं सोफ्यावर होतं आमचं, तिनं पाहिलेलं. मी आमच्या कयाधू नदीचं दुसरं काढलं.

ईहिनीच्या वरनात बाई कयाधू आली पुराला,
डाळ शोधता शोधता याही गेला तळाला!

याही म्हणजे व्याही, तिचा नवरा; ते लाजून हसायला लागले. ईहीन म्हणे,

वरन माझं पातळ बाई, धा जन जेवून जाती,
तुझं वरन घट्ट इतकं, पाव्हने कुदळ घेऊन येती!

वरणाच्या भांड्यापाशी उभ्या आचाऱ्यानंसुद्धा डोक्यावरची टोपी उडवली. गाण्यामागं गाणं चाललं. गडी माणसं पंगत सोडून उभी राहिली, जेवण गार झालं, कोणाला पर्वा नव्हती. मी तिला तोडायची, ती मला जोडीला जोड द्यायची. अशी ईहीन मला जन्मात भेटली नव्हती. माझा घसा बसत आला आणि मला ते संपू नये असं वाटत होतं.

शेवटी पोरीचं गाणं राहिलं. ते मी म्हणावं की नाही, मी थांबले. कारण त्यात सरळ तेच होतं ज्याला मी एवढे दिवस भीत होते. ईहीन माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हना, म्हना. त्याचीच वाट पाहून राहिले." मग मी म्हटलं.

ईहिनीच्या घरी बाई गान्याला मनाई,
कोंबडं बी म्हनतं, आरवू का सासूबाई?

कोणी हसलं नाही. ईहीन माझ्या डोळ्यांत बघून गायली.

घर माझं मुकं बाई, तुझं बोलनं खरं हाय,
म्हनून गानारनीची लेक न्याया आले हाय!

रिवाज असा की गाणारीची शेवटची ओळ तिच्याकडच्या बायांनी उचलून धरायची. पण वऱ्हाडातल्या बाया गाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी चाल धरली ती भलतीकडंच गेली, दोघी हसून गप्प झाल्या. ईहीन एकटी पडली. तिचा आवाज वर जाईना. आणि तेवढ्यात तिच्या मागून कोणीतरी ती ओळ उचलली. उंच, स्वच्छ, वर जाऊनही न थरथरणारा आवाज. बाशिंग बांधलेली, सासरचा शालू नेसलेली माझी पोरगी ईहिनीच्या खांद्याला खांदा लावून उभी होती आणि माझ्या मांडवात माझ्याविरुद्ध गात होती.

मला आनंद किती झाला ते सांगता येत नाही, आणि काळीज कसं तुटलं तेही. पोरगी गेली माझी. पण आवाज घेऊन गेली.

उत्तर जिभेवर होतं. देवाशपथ होतं. जाऊ मला कोपरानं ढोसत होती, "बोल की बाई! हरून राहिलो ना आपन!"

"हरू दे," मी म्हटलं, आणि खाली बसून त्या दोघींचं गाणं पुरं ऐकलं.